पोची पोचपावती : पाच दिवस, पाच गावं आणि यांची वही

लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन दीड महिना झाला होता. नायगरा झाला, वॉशिंग्टन झालं, आउटलेट मॉल तर तीनदा झाला, आणि ऑक्टोबर लागल्यावर जावई म्हणाले आई, मी चार दिवस सुट्टी काढतो, अजून कुठं जायचंय सांगा. मी पटकन बोलून गेले, एडगर ॲलन पो. दोन मिनिटं कुणी बोलेना. मग लेक म्हणाली, तो भुताच्या गोष्टीवाला ना गं आई?

इथंच माझं डोकं सरकतं. अठ्ठावीस वर्षं सांगलीत ज्युनियर कॉलेजला इंग्लिश शिकवलं, एम. ए.ला समीक्षेच्या पेपरात याचा एक निबंध वाचला तेव्हापासून हा माणूस डोक्यातून गेलेला नाही, आणि लोकांना मात्र पो म्हणलं की काळं मांजर, भिंतीत चिणलेलं प्रेत आणि 'द रेव्हन' कवितेतला कावळा, बास. अरे, हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन कवी-कथाकार पोटासाठी पुस्तकपरीक्षणं लिहायचा. मासिकांत नोकऱ्या केल्या, ढिगानं रद्दी पुस्तकं वाचली आणि अशी झोडपली की लोक याला कुऱ्हाडवाला म्हणायला लागले. जेम्स रसेल लोवेल नावाच्या दुसऱ्या कवी-समीक्षकानं तर लिहून ठेवलंय की पो कधीकधी दौतीऐवजी विषाच्या बाटलीत लेखणी बुडवतो.

यावर आमचे हे, बँकेतून रिटायर झालेले, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पगार किती होता?" मी म्हणलं चला, तुम्हीच शोधा. त्यांनी खरंच एक नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं "पो – जमाखर्च". जावई म्हणाले बाबा, ही पोची पोचपावती झाली. तेच नाव पडलं.

दिवस पहिला : बाल्टिमोर

सकाळी सहाला निघालो, बरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी. टर्नपाइकचा टोल, डेलावेअरचा टोल, मेरीलँडचा टोल, यांनी सगळे वेगळ्या पानावर मांडले. फिलाडेल्फिया वाटेत लागतं पण ते परतताना करायचं ठरवलं होतं, म्हणजे आमची सुरुवात थेट पोच्या थडग्यापासून. मला ते आवडलंच, कारण माझ्या त्या निबंधात पो हेच म्हणतो की लिहायच्या आधी शेवट ठरलेला पाहिजे.

फेएट आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वेस्टमिन्स्टर हॉल, जुनं चर्च, त्याच्या आवारात स्मशान, आणि गेटातून आत शिरलं की लगेच पांढरा भरभक्कम दगड, त्यावर पोचा चेहरा. दगडावर सुट्टी नाणी ठेवलेली. १८४९ साली गेला तेव्हा मातीला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसं होती आणि पुढची २६ वर्षं थडग्यावर धड नाव नव्हतं. मग इथल्या एका शिक्षिकेनं पुढाकार घेतला, शाळकरी पोरांकडून पैसे गोळा केले आणि १८७५ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. त्या कार्यक्रमाला मोठ्या कवींपैकी एकटा वॉल्ट व्हिटमन आला होता म्हणतात. लोक अजून पेन्या ठेवतात त्या त्या वर्गणीच्या आठवणीनं.

हे दगडाला चक्कर मारून आले आणि म्हणाले, "अगं, ही तारीख चुकलीय." खरंच चुकलीय! जन्म १९ जानेवारी १८०९ चा आणि दगडावर कोरलंय २० जानेवारी. चौतीस वर्षं व्हाउचर तपासलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे, दिवसभर खूष.

मूळ थडगं मागच्या बाजूला आहे, घरच्या लोकांच्या थडग्यांजवळ. तिथं आता एक दगड आहे आणि त्यावर डोमकावळा कोरलाय. मी तिथं जरा थांबले. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की घरचे हात जोडून विचारतात, काय राहिलंय बाबा तुझं, सांग. इथं कावळा दगडातच बसवून टाकलाय. पण याचं राहिलेलं काय ते मला माहिती आहे, स्वतःचं मासिक काढायचं होतं, नाव पण ठरलेलं, 'द स्टायलस', वर्षाची वर्गणी पाच डॉलर. मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्याचसाठी लेक्चरं देत, वर्गणीदार गोळा करत फिरत होता. वाटेत फिलाडेल्फियाला एका बाईंच्या कविता नीट करून द्यायचे १०० डॉलर ठरले होते. २७ सप्टेंबरला रिचमंडहून बोटीनं निघाला, ३ ऑक्टोबरला इथं बाल्टिमोरात लोम्बार्ड स्ट्रीटवरच्या एका गुत्त्यात सापडला, निवडणुकीचा दिवस, अंगावर दुसऱ्याच कुणाचे तरी बेंगरूळ कपडे, धड बोलता येत नव्हतं. ७ तारखेला हॉस्पिटलमध्येच वारला. चाळीस वर्षांचा. मधल्या दिवसांत काय झालं ते कुणालाच माहीत नाही. दारू म्हणतात, मेंदूचा आजार म्हणतात, निवडणुकीतले गुंड माणसं पकडून, दारू पाजून, कपडे बदलून पुन्हापुन्हा मत द्यायला लावायचे तेही म्हणतात. यांनी वहीत लिहिलं : १०० डॉलर, येणे बाकी, बुडीत.

दुपारी ॲमिटी स्ट्रीटवरचं घर. बारकं विटांचं घर, जिना इतका उभा आणि अरुंद की माझे गुडघे बोलायला लागले आणि उतरताना मी चक्क पाठमोरी उतरले, माळ्यावर गवळ्याच्या तबेल्यात असते तेवढी जागा. इथं तो १८३३ च्या सुमारास आत्या, आजारी आजी आणि आत्याची लहान मुलगी व्हर्जिनिया यांच्याबरोबर राहायचा. त्याच वर्षी एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत गोष्टीला ५० डॉलर बक्षीस मिळालं. वहीत पहिली जमा.

संध्याकाळी जावयांनी गाडीतून फुटबॉलचं स्टेडियम दाखवलं, इथल्या टीमचं नाव रेव्हन्स, म्हणजे कवितेवरून टीमचं नाव. आपल्याकडे कुणी मर्ढेकरांवरून कबड्डीची टीम काढेल का सांगा. पण परत तेच, कावळा.

दिवस दुसरा : रिचमंड

ट्रॅफिकमुळे तीन तासांचे साडेचार झाले. हॉटेलचं नाव सांगत नाही पण रूममध्ये ओल्या गालिच्याचा वास होता, खिडकी उघडत नव्हती आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला हॅलोवीनचा सीझन आहे, दुसरी रूम नाही. सगळ्या गावात भोपळे आणि सांगाडे लटकवलेले. पोचं गाव म्हणून शोभलं.

पो जन्मला बॉस्टनला, पण वाढला इथं. आईबाप दोघंही नाटकातले. बाप आधीच परागंदा झाला आणि आई डिसेंबर १८११ मध्ये इथं रिचमंडमध्ये गेली, पोरगं अजून तीन वर्षांचंही नव्हतं. मग जॉन ॲलन नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी वाढलं. दत्तक असं कागदावर कधी घेतलंच नाही. हे लगेच म्हणाले, "नॉमिनेशन नाही." अगदी तसंच. ॲलनला काकाची प्रचंड इस्टेट मिळाली, १८३४ मध्ये तो गेला, आणि मृत्युपत्रात पोच्या नावे छदाम नाही.

टेकडीवर सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आईची खूण आहे. तिथून थोडं खाली मॉन्युमेंटल चर्च, ते कुठं बांधलंय माहितीय? ज्या थिएटरमध्ये त्याच्या आईची कंपनी नाटकं करायची त्याच जागेवर. आई गेल्यावर १८ दिवसांनी ते थिएटर खेळ चालू असताना जळालं, ७२ माणसं गेली, त्यांच्या राखेवर हे चर्च. आणि ॲलन कुटुंबाचा राखीव बाक याच चर्चमध्ये होता, म्हणजे दर रविवारी हे पोरगं आईच्या जळालेल्या रंगमंचाच्या जागेवर बसून प्रार्थना म्हणत असणार. याला भुतं कुठून सुचली विचारायची गरज नाही.

मग पो म्युझियम. मेन स्ट्रीटवरच्या जुन्या दगडी घरात आहे. तो या घरात कधीच राहिला नाही, फक्त पंधराव्या वर्षी एका पाहुण्या सेनापतीच्या मानवंदनेला पोरांच्या पलटणीतून बाहेर उभा होता. पण संग्रह मोठा, त्याची ट्रंक, त्याचं जाकीट, काठी. बागेत काळी मांजरं हिंडतात, लोक त्यांचेच फोटो काढत होते, आमची लेक पण.

मी बागेच्या टोकाला गेले. तिथं विटांची कमान आहे, आत पोचा अर्धपुतळा. त्या विटा बघायला कुणी येत नाही पण मी त्यांच्यासाठीच आले होते, कारण त्या सदर्न लिटररी मेसेंजर मासिकाच्या पाडलेल्या ऑफिसातल्या आहेत. १८३५ मध्ये पो तिथं चिकटला, आठवड्याला १० डॉलर. तिथंच तो समीक्षक झाला. त्या वेळी अमेरिकेत पद्धत अशी की न्यूयॉर्कच्या कंपूत आज एकानं दुसऱ्याच्या पुस्तकाला डोक्यावर घ्यायचं, उद्या दुसऱ्यानं पहिल्याच्या पुस्तकाला, सगळे एकमेकांचे मेहुणे असल्यासारखे. त्यात हा सव्वीस वर्षांचा पोरगा उठला आणि न्यूयॉर्कच्या एका संपादकाची गाजवलेली कादंबरी घेऊन कथानक, भाषा, व्याकरण सगळं उसवून ठेवलं. मासिकाच्या मालकाला दरदरून घाम फुटला असणार. पण लोक वाचायला लागले.

मी विटेवर हात ठेवला. लालसर, कडा झिजलेल्या, मधल्या चुन्यात शेवाळ, आणि एका विटेला कोपऱ्यात ठिकरी उडालेली. हात ठेवून काय होणार म्हणा, पण ठेवला. मागून हे म्हणाले, "आठवड्याला दहा म्हणजे वर्षाला पाचशे वीस. तीन माणसांचं घर. ओढाताण आहे." एवढ्यात त्यानं व्हर्जिनियाशी लग्न पण केलं होतं, ती १३ वर्षांची आणि हा २७ चा. लेकीनं नाक मुरडलं. मीही काही बाजू घेतली नाही.

अजून एक सांगायचं, म्युझियमच्या आसपासचा हा शॉको बॉटम भाग म्हणजे गुलामांच्या खरेदी-विक्रीचा बाजार होता. पोच्या लहानपणी हे सगळं चार पावलांवर चालू होतं. गिफ्ट शॉपमधून कावळ्याचे मोजे घेऊन बाहेर पडलं की हे आठवतं आणि जरा अवघडायला होतं.

दिवस तिसरा : शार्लट्सव्हिल

तासाभराचा रस्ता, झाडं लाल-पिवळी झालेली, बघत राहावं अशी. युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियात वेस्ट रेंज नावाची ओळ, कमानी, त्यात १३ नंबरची खोली, काचेच्या दारातून बघायची. खाट, टेबल, शेकोटी. शेजारच्या खोल्यांत आजही विद्यार्थी राहतात, एक मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून व्हरांड्यातून अंघोळीला चाललेला दिसला आणि मला आमचं कोल्हापूरचं होस्टेल आठवलं.

पो इथं १८२६ च्या फेब्रुवारीत आला आणि वर्षभरही टिकला नाही. वर्षाचा खर्च कमीत कमी ३५० डॉलर, ॲलननं हातावर टेकवले ११०, असं पोनं पुढं पत्रात लिहिलंय. मग पत्ते खेळून तूट भरून काढायला गेला आणि जुगाराचं देणं २००० डॉलरच्या घरात गेलं. हे बराच वेळ वहीत बघत बसले. म्हणाले, "म्हणजे याचा चार वर्षांचा पगार." मग जरा वेळानं, "पण सुरुवातीचं फायनान्सच चुकलंय." तेवढीच पोच्या बाजूनं बोललेली त्यांची पहिली गोष्ट.

तिथून फिलाडेल्फियाला पाच तास गाडी. मी झोपले.

दिवस चौथा : फिलाडेल्फिया

इथं तो १८३८ ते १८४४ राहिला, सहा वर्षं, आणि माझ्या मते हीच त्याची खरी भरभराटीची वर्षं. ग्रॅहम्स मॅगझिनमध्ये वर्षाला ८०० डॉलर पगार. १८४१ मध्ये तिथंच रू मॉर्गची गोष्ट छापली, डिटेक्टिव्ह गोष्टींची पणजीच ती. पुढच्या वर्षी हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना म्हणाला की कथा एका बैठकीत संपली पाहिजे आणि पहिल्या वाक्यापासून एकच परिणाम साधला पाहिजे. मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य आहे हे. १८४३ मध्ये गुप्त खजिन्याच्या गोष्टीला १०० डॉलर बक्षीस. वही खूष.

सेव्हन्थ स्ट्रीटवरचं घर नॅशनल पार्कवाल्यांकडे आहे. खोल्या रिकाम्या, सामान काही नाही, भिंतींचे पोपडे तसेच. मला हे फार आवडलं, उगीच दुसऱ्याची खुर्ची आणून पोची म्हणून सांगत नाहीत. तळघरात गेल्यावर मात्र जावई आपोआप हळू बोलायला लागले, कारण त्याच्या काळ्या मांजराच्या गोष्टीतलं तळघर असंच आहे.

मग सेंट्रल लायब्ररी, तिसरा मजला, दुर्मिळ पुस्तकांचा विभाग. तिथं काचेच्या पेटीत पेंढा भरलेला डोमकावळा आहे, नाव ग्रिप, आणि तो चार्ल्स डिकन्सचा पाळलेला होता! डिकन्सनं त्याला एका कादंबरीत घातला. पोनं तिचं परीक्षण लिहिताना म्हणलं की या कावळ्याचं ओरडणं भविष्यवाणीसारखं वापरता आलं असतं, डिकन्सनं संधी घालवली. आणि तीन वर्षांनी, २९ जानेवारी १८४५ ला, न्यूयॉर्कच्या इव्हिनिंग मिररमध्ये स्वतःची 'द रेव्हन' छापून आली. म्हणजे बघा, कावळा आधी समीक्षकाला दिसला आणि मग कवीनं उचलला! चार दिवस मी कावळ्यावर चिडत होते आणि तो निघाला माझ्याच पार्टीचा. मी त्या पेटीसमोर एवढी हसले की लायब्ररीतल्या बाईंनी वळून बघितलं.

आणि मग माझा तो निबंध, १८४६ चा. त्यात पो सांगतो की ही कविता काही अंगात येऊन लिहिलेली नाही, गणितासारखी रचली. लांबी साधारण शंभर ओळी ठरवली, भरल्या १०८. उदास सूर पाहिजे म्हणून एकच ध्रुवपद, त्यात ओ आणि र चा लांबणारा आवाज, म्हणून 'नेव्हरमोर'. तो शब्द सारखा सारखा बोलायला माणूस नको, आधी पोपट सुचला, मग कावळा. पोपट! खरं सांगतो की मागाहून बनवून सांगतो, यावर अजून भांडणं आहेत. माझं मत विचाराल तर निम्मी थाप आहे, पण प्रतिभेचा बुवाबाजीसारखा धंदा चालू असताना कुणीतरी कारखान्याचं दार उघडून दाखवलं. लोवेलनं पण म्हणलंच आहे, पो म्हणजे तीन पंचमांश प्रतिभा आणि दोन पंचमांश निव्वळ थापा. हे म्हणाले, "१०८? जपमाळ की." इतकी वर्षं शिकवलं, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दिवस पाचवा : ब्रॉन्क्स

मधे एक दिवस घरी वरणभात खाऊन झोप काढली. जावयांची सुट्टी संपली होती, म्हणून आम्ही दोघंच ट्रेननं न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून चालत जाऊन डी ट्रेन, किंग्जब्रिज रोड. वर आलो तर उंच बिल्डिंगा, फळांच्या गाड्या, स्पॅनिश गाणी, आणि मधे बागेत पोचं पांढरं लाकडी घर, एखाद्यानं विसरून ठेवल्यासारखं. तेव्हा हे फोर्डम नावाचं खेडं होतं. भाडं वर्षाला १०० डॉलर.

न्यूयॉर्कमध्ये कविता गाजली पण पैसा आला नाही. ब्रॉडवे जर्नल हे साप्ताहिक विकत घ्यायला ५० डॉलरची हातचिठ्ठी केली, होरेस ग्रीली या संपादकाची सही जामीन म्हणून, आणि ती ग्रीलीलाच भरावी लागली. पुढं एका पोरानं पोची सही मागितली तेव्हा ग्रीली म्हणाला, आहे माझ्याकडे, पन्नास डॉलरच्या चिठ्ठीवर, निम्म्या किमतीत देतो. हे ऐकून आमचे हे स्टेशनच्या पायऱ्यांवर थांबून हसले, म्हणाले, "गॅरंटर सगळीकडे सारखाच." त्यात याची जीभ. लाँगफेलो या नावाजलेल्या कवीवर वाङ्मयचोरीचा आरोप करत सुटला, जो बिचारा उत्तरच देईना. मग न्यूयॉर्कच्या लेखकांवर एकेक करून लेखमाला लिहिली, त्यातल्या एकानं, थॉमस डन इंग्लिशनं, उलट पोवर पैसे बुडवल्याचे आणि खोट्या सहीचे आरोप केले आणि ते छापले कुणी, तर इव्हिनिंग मिररनं. ज्यांनी कावळा छापला त्यांनीच. पोनं अब्रूनुकसानीचा दावा लावला.

आत बारकी खोली आणि त्यात ती खाट. याच खाटेवर ३० जानेवारी १८४७ ला व्हर्जिनिया क्षयानं गेली, २४ वर्षांची. भेटायला आलेल्या एका बाईनं लिहून ठेवलंय की थंडीत पांघरायला धड काही नव्हतं, नवऱ्याचा मोठा कोट अंगावर आणि छातीवर मांजर, ऊब यावी म्हणून. तिची आई पाय धरून बसायची, नवरा हात. खाट एवढी अरुंद आहे की मांजर कुठं बसलं असेल ते कळतं. तिथली मुलगी माहिती सांगत होती, मी ऐकलं नाही. हे पण टोपी हातात घेऊन उभे होते.

आणि पो गेल्यावर त्याचं चरित्र लिहिलं कुणी, तर रूफस ग्रिसवोल्डनं, ज्याच्याशी त्याचं पटत नव्हतं. मृत्यूच्या बातमीतच टोपणनावानं लिहिलं, ऐकून पुष्कळ जण दचकतील पण दुःख थोड्यांनाच होईल. मग पुस्तकात पत्रं फिरवली, मजकूर घुसवला. आपण ज्या दारुड्या-वेड्या पोला ओळखतो तो बराचसा याचा. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं तपासली आणि स्वतःचं आयुष्य तपासायला बसला तो असा.

परतीच्या ट्रेनमध्ये यांनी वही काढली. म्हणाले, त्या कोर्टाच्या दाव्याचं काय झालं? मी फोनवर काढून ठेवलं होतं ते सांगितलं. निकाल पोच्या बाजूनं, पण फेब्रुवारी १८४७ मध्ये, म्हणजे बायको गेल्यावर पुढच्याच महिन्यात. रक्कम २२५ डॉलर ६ सेंट.

त्यांनी मागची पानं उलटून बघितली. ५०, १००, आणि आता २२५. आमच्या वहीत एकरकमी जमेची सगळ्यात मोठी नोंद हीच, आणि ती लिहिल्याची नाही, बदनामीची. आकडा लिहिला, पुढे तारीख लिहिली, मग पेन तसंच धरून बराच वेळ बसले. मला वाटलं व्हर्जिनियाबद्दल काही बोलतील.

"हे वरचे सहा सेंट," ते म्हणाले, "कुठल्या हेडखाली टाकायचे?"